खाड्याचा हिशेब

पिट्सबर्ग, रविवार रात्र

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या एजंट-ऑफिसकडे आलेल्या त्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूचं नाव लिहिलं नाहीस ते योग्यच केलंस, यापुढेही लिहू नकोस. करारातली दोन वर्षं बाकी आहेत, पोरगा क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्या गड्यावर, धावून जाणारा, आणि नवा करार मिळाल्याशिवाय जुलैअखेरच्या सराव-कॅम्पला जायचंच नाही असं म्हणतोय. पण तुला छळतोय तो तुझ्या आईचा प्रश्न: "सही केली ना त्याने? मग शब्द पाळावा माणसानं." आईला उत्तर देता आलं नाही म्हणून तू रात्रभर जागी राहिलीस, हे वाचून मला बरं वाटलं. ज्याला हा प्रश्न पडत नाही त्याने या कामात पडू नये.

आधी सहीबद्दल. एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, करारावर सह्या संघ आणि खेळाडू दोघांच्या असतात, पण वर्षं दोघांना सारखी बांधत नाहीत. आकडा मोठा छापून येतो, त्यातला हमीचा भाग वेगळा. बाकीची वर्षं संघाला हवी असतील तरच खरी. ईझीकिएल इलियट 2019 मध्ये डॅलसच्या कॅम्पला गेला नाही आणि हंगामाच्या तोंडावर 6 वर्षांचा 9 कोटी डॉलरचा करार घेऊन परतला. मार्च 2023 मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. संघाने शब्द मोडला असं कुणी म्हटलं नाही, कारण तशी मुभा करारातच होती. खेळाडूने मात्र "हा दर आता मला परवडत नाही" म्हटलं की तो लोभी ठरतो. आईला एवढं सांग. पण अर्धंच सांगू नकोस. संघाने सोडणं करारात बसतं, खेळाडूने न येणं हा करारभंगच आहे. त्याची किंमतही लिहून ठेवलेली आहे, आणि ती मोजायची तयारी असेल तर तो अप्रामाणिक ठरत नाही.

ती किंमत 2020 पासून फार वाढली. तुमच्या पोरासारख्या, दुसऱ्या करारावरच्या खेळाडूला कॅम्पमधल्या प्रत्येक दिवसाच्या खाड्याला 50 हजार डॉलर दंड. पूर्वी समेट झाला की संघ दंड माफ करायचे. आता मालकाच्या मनात असलं तरी माफ करता येत नाही. सही करताना घेतलेल्या उचलीतला काही भागही संघ परत मागू शकतो. आणि हंगाम सुरू झाला की दर आठवड्याचा पगार बुडतो. म्हणून आजकालचे शहाणे खेळाडू कॅम्पला येतात, हजेरी लावतात, बैठकांना बसतात, फक्त सरावाला उतरत नाहीत. आमच्या इथल्या टी. जे. वॉटने 2021 मध्ये हेच केलं. पहिल्या सामन्याच्या तीन दिवस आधी 4 वर्षांचे 11.2 कोटी मिळाले, त्यातले 8 कोटी हमीचे. दंड शून्य.

खाडा हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो आमच्या घरातला आहे. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. दत्ता सामंतांच्या सभेला वडील मला खांद्याला धरून घेऊन गेले होते. सुमारे अडीच लाख माणूस बाहेर होता. मागणी रास्त होती, हे मी आजही वाद घालून सांगेन. पण मालकांना थांबणं परवडत होतं. गिरणीच्या कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग होत चालली होती. आम्हाला थांबणं परवडत नव्हतं. चौथ्या महिन्यात आईने खानावळ सुरू केली, सहाव्या महिन्यात तिच्या बांगड्या गेल्या. वडील कणकवलीकडे गावी गेले ते पुन्हा साच्यापुढे उभे राहिले नाहीत. रास्त असणं आणि थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तेव्हा शिकलो. नंतर या पोलादाच्या शहरात, बंद पडलेल्या भट्ट्यांच्या कामगारांची प्रकरणं लढताना तेच पुन्हा पुन्हा पाहिलं.

आता 2018 ची गोष्ट नीट ऐक, कारण तुमच्या साहेबांच्या फाईलमध्ये ती फार तर एका ओळीत येईल.

ले'व्हियन बेल तेव्हा पिट्सबर्गचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी. संघाने त्याच्यावर सलग दुसऱ्यांदा फ्रँचायझी टॅग लावला, म्हणजे मोकळा होऊ शकणारा खेळाडू आणखी एक वर्ष अडवून ठेवला. रक्कम 1 कोटी 45 लाख डॉलर, आठवड्याला साडेआठ लाखांच्या वर. त्याने सही केली नाही. लक्षात घे, तो कराराखाली नव्हताच, त्यामुळे त्याने काही मोडलं नव्हतं. तरी सप्टेंबरात त्याच्यासाठी वाट मोकळी करणारे संघातलेच थोराड गडी त्याच्यावर पत्रकारांसमोर बरसले. त्याच्या जागी आलेला जेम्स कॉनर, आमच्या भाषेत बदली कामगार, धडाधड धावू लागला. नोव्हेंबरात सही करायची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवशी सोबत्यांनी बेलचं कपाट उघडून त्याचे बूट वाटून घेतले, नावाची पाटीही काढली. ते हसत होते. मला टीव्हीवर ते बघवलं नाही. आमच्या चाळीत संपफोड्याच्या दारावर लोक थुंकायचे. इथे कामावर जाणारेच बाहेर राहिलेल्याचं सामान उचलत होते. संपात अडीच लाख माणसं असतात, या खाड्यात माणूस एकटा असतो.

त्याच हंगामात सिएटलचा अर्ल थॉमस, कराराचं शेवटचं वर्ष, कॅम्पला आला नाही. नवा करार मिळाला नाहीच, पण पगार बुडू नये म्हणून पहिल्या सामन्याच्या तोंडावर परतला. चौथ्या सामन्यात, ॲरिझोनात, त्याचा पाय मोडला. गाडीवरून मैदानाबाहेर नेताना त्याने आपल्याच संघाच्या दिशेने मधलं बोट दाखवलं. लोकांना ते असभ्य वाटलं. मला त्यात एका माणसाची सगळी भीती खरी झालेली दिसली.

आता मार्च 2019. बेलला न्यूयॉर्क जेट्सने 4 वर्षांचे 5.25 कोटी दिले, हमी साडेतीन कोटींची. थॉमसला बाल्टिमोरने 4 वर्षांचे 5.5 कोटी, हमी 3.2 कोटींची. बसून राहिलेला आणि पाय मोडून घेतलेला जवळजवळ एकाच जागी पोचले. फरक एवढाच की बेलचे 1 कोटी 45 लाख कायमचे गेले, आणि वर्षभराच्या विश्रांतीनंतर त्याचे पाय तसे चाललेही नाहीत. ऑक्टोबर 2020 मध्ये जेट्सने त्याला सोडलं. थॉमसचं हाड जुळलं, हेही विसरू नकोस. गुडघा गेला असता तर मी हे वाक्य उलटं लिहिलं असतं.

म्हणून माझं मत असं आहे. मागावं, जोरात मागावं, कॅम्पच्या काळात मागावं. सामन्यांचा पगार मात्र सोडू नये. रनिंग बॅकने तर नाहीच. मेल्विन गॉर्डन 2019 मध्ये 4 सामने बाहेर बसला आणि पुढच्या वर्षी 2 वर्षांच्या 1.6 कोटींवर आला. आणि संघ हरला म्हणजे मालक वाकेल या भरवशावर राहू नये. 1993 मध्ये एमिट स्मिथशिवाय डॅलस पहिले दोन सामने हरला आणि मालकाने 4 वर्षांचे 1.36 कोटी काढून दिले. 2015 मध्ये कॅम चान्सेलरशिवाय सिएटलही पहिले दोन हरला, पण तो नव्या कराराशिवायच परतला.

तुमच्या पोराची बाजू त्यामानाने भक्कम आहे. क्वार्टरबॅकला खाली पाडणारे गडी बदलीवर मिळत नाहीत. 2018 मध्ये ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी ॲरन डोनाल्डला 13.5 कोटी मिळाले, आणि दुसऱ्याच दिवशी ओकलंडने विकलेल्या खलील मॅकला शिकागोने 14.1 कोटी दिले. दोघेही कॅम्पपासून दूर होते. पण तेव्हा दंड माफ होत असे, आणि ते दोघे डोनाल्ड आणि मॅक होते. तुमचा पोरगा त्या पंक्तीत बसतो का, हे त्याच्या आईला विचारू नका आणि त्यालाही विचारू नका. मागच्या दोन हंगामांची चित्रफीत बघा.

आणखी एक, आणि हे साहेबांसमोर बोलायला धीर लागेल. त्याचा चालू करार आधीच्या एजंटने केला होता, म्हणजे त्यावरची दलाली तुमच्या ऑफिसला नाही. जास्तीत जास्त 3 टक्के, तेही नवा करार झाला तरच. तो बाहेर बसला आणि काहीच झालं नाही, तर दंड त्याचा, तुमचा फक्त वेळ जातो. साहेब वाईट आहेत असं मी म्हणत नाही. हा स्वार्थ खेळाडूला तोंडावर सांगितला पाहिजे, एवढंच. फाईलच्या पहिल्या पानावर लिही. काढून टाकायला सांगितलं तर मला फोन कर.

आकड्यांचं पान करशील तेव्हा दोन रकाने कर: सरावाला न उतरता कॅम्पला हजर राहिलं तर काय जातं, आणि घरी राहिलं तर रोज किती जातं. दुसऱ्या रकान्यात आठ आठवड्यांपर्यंत बेरीज करत जा. त्याच्या संघातल्या दोघा-तिघांशी त्याने स्वतः आधी बोलावं, फेसबुक-इन्स्टाग्रामवर काही लिहायच्या आत. बेलचं कपाट आठव.

आणि त्याच्या घरी एकदा तू जा. तुझ्या पत्रात बायको आणि दोन लहान मुलं आहेत असं आहे, भावाच्या घराचे हप्तेही तोच भरतो असं आहे. कॅम्पची तारीख यायच्या आत तिच्याशी बैस आणि ख्रिसमसपर्यंत एक डॉलर आला नाही तर कोणकोणते हप्ते थांबतील हे तिच्याकडून लिहून घे. माझ्या आईला हे कुणी विचारलं नव्हतं. ती काय सांगते ते मला कळव, मग तुमच्या पोराला काय सांगायचं ते आपण ठरवू.

तुझा,
काका