अद्रस घ्यायचं तर कापड उलटं करून बघा

प्रश्न : राजारामपुरीत माझं छोटं बुटीक आहे. हल्ली कस्टमर मोबाईलवर फोटो दाखवून उझबेकी इकत मागतात. एक व्यापारी सेम डिझाइनचं पॉलिस्टर प्रिंट देतोय, एकदम स्वस्त. लेक म्हणते जुनी कला टिकवायची तर मॉडर्न व्हायलाच पाहिजे, मग प्रिंट घेतलं तर काय बिघडलं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, मॉडर्न व्हायलाच पाहिजे, हे लेकीचं अगदी बरोबर. पण प्रिंटमध्ये ती कलाच राहत नाही हो, कारण इकतचं खरं काम मागावर चढायच्या आधीच झालेलं असतं. उझबेकिस्तानच्या फर्गाना खोऱ्यातल्या मार्गिलान शहरात रेशमाचा ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून त्यावर खुणा करतात, जिथं रंग नको तिथं धागे बांधतात, रंगात बुडवतात, सोडतात, परत दुसऱ्या रंगासाठी बांधतात आणि मग कुठं विणायला घेतात. खुणा करणारा वेगळा, बांधणारा वेगळा, रंगारी वेगळा, विणकर वेगळा. प्रिंट घेतलं की या सगळ्यांचं काम एका फटक्यात गेलं.

तिथंही सोव्हिएत काळात मोठ्या गिरण्या आल्या आणि हातकाम मागं पडलं (इचलकरंजीत १९०४ ला पहिला यंत्रमाग आला, पुढं हातमागाचं काय झालं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको). बखमल, म्हणजे इकतची मखमल, ती तर जवळजवळ बंदच पडलेली, तुर्गुनबाय मिर्झाअहमदोव यांनी ती परत विणायला घेतली. २००७ मध्ये मार्गिलानला हस्तकला केंद्र निघालं, तिथं उस्तादांच्या हाताखाली तरुण पोरंपोरी शिकतात, आणि २०१७ ला युनेस्कोनं जतनाचं चांगलं उदाहरण म्हणून त्याची नोंद घेतली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण कापड काय म्युझियममध्येपण टिकतं, बांधणारे हात तसे टिकत नाहीत. मॉडर्नपणा त्यांनी शिवणात आणलाय, जॅकेट, बॅगा, स्टोल. तुम्हीपण तेच करा, बिनधास्त.

ओळखायचं कसं? अद्रस हा उझबेकी इकतचाच एक प्रकार, त्यात ताणा रेशमाचा, बाणा (आडवे धागे) सुती. धागेच आधी रंगवलेले, त्यामुळं रंग दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि डिझाइनच्या कडा जरा पसरलेल्या असतात. प्रिंटची उलटी बाजू बहुतेक फिकी निघते. अटलास हा दुसरा प्रकार पूर्ण रेशमी, ते मागून कमी चमकतं, पण नक्षी मागंही दिसतेच.

आणि एक, हातमागाचं कापड पन्ह्याला जेमतेम दीड फूट येतं, तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी टेलरला विचारून मीटर काढा, नाहीतर बाहीला कापड कमी पडेल.