अटक नसताना ठसे आणि रक्त देणे बंधनकारक आहे का?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका पारधी बेड्यावर राहतो. शेजारच्या गावात एका शेतकऱ्याच्या उघड्या खळ्यावरून सोयाबीनची सहा पोती चोरीला गेली. ओल्या मातीत अनवाणी पावले उमटलेली होती. माझ्या 19 वर्षांच्या मुलाला ठाण्यात नेऊन कागदावर पाय ठेवायला लावला, भोवती पेन्सिल फिरवली, उंची मोजली आणि सोडून दिले. आता शुक्रवारी बोटांचे ठसे व रक्त द्यायला बोलावले आहे. अटक केलेली नाही. नाही म्हटले तर काय होईल, आणि दिले तर मुलगा अडकेल का?

उत्तर : ताई, शुक्रवारी मुलाने ठाण्यात जावे; परंतु एकट्याने जाऊ नये, आणि दंडाधिकाऱ्यांचा लेखी आदेश पाहिल्याशिवाय ठसे किंवा रक्त देऊ नये.

अशी मापे घेण्याचा अधिकार फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, 2022 मधून येतो. बोटांचे, तळहाताचे व पावलांचे ठसे, छायाचित्र, बुबुळाचे स्कॅन, रक्तासारखे जैविक नमुने, सही, हस्ताक्षर हे सारे त्यात ‘मापे’ या एका शब्दात येते. मात्र पोलिसांना ती स्वतःहून घ्यायची असतील, तर ती व्यक्ती दोषी ठरलेली, चांगल्या वर्तणुकीचे किंवा शांततेचे बंधपत्र देण्याचा आदेश झालेली, अटक झालेली किंवा प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असावी लागते. आपला मुलगा यांपैकी कोणीही नाही. अशा माणसाची मापे तपासासाठी हवी असल्यास कलम 5 प्रमाणे दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो.

तो आदेश दाखवला, तर मात्र अडून बसू नये. त्यानंतर नकार दिल्यास पोलीस बळाने मापे घेऊ शकतात आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही’ हा बचाव येथे टिकत नाही, कारण बोटांचे ठसे देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांच्या पीठाने काठी कालू ओघड प्रकरणात 1961 मध्येच ठरवले आहे. रक्ताचे थोडे वेगळे आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने, उद्या अटक झाली तरी 2022 च्या कायद्याखाली जैविक नमुना देण्यास तो नाही म्हणू शकतो. मात्र अटकेतील व्यक्तीची डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्याची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील तरतूद स्वतंत्र आहे.

कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर त्याने सही वा अंगठा अजिबात देऊ नये, कारण ‘स्वखुशीने दिले’ हे वाक्य अशाच कागदावर येते.

आता त्या पावलांविषयी. पावलाची लांबी साधारणपणे उंचीच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे 25 सेंटीमीटरच्या पावलावरून साडेपाच फुटांच्या आसपासचा माणूस असा अंदाज निघतो, आणि त्यातही काही सेंटीमीटरचा फरक राहतो. तेवढ्या उंचीची माणसे आपल्या प्रत्येक गावात किती आहेत, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यात आपली काळी माती : ओली असताना पाऊल घसरून ठसा पसरतो, दोन दिवस ऊन लागले की तीच माती आकसते, तिला भेगा पडतात आणि ठशाचे माप बदलते. म्हणून मातीतल्या ठशाचा साचा केव्हा आणि कोणत्या पंचांसमोर घेतला, हे पंचनाम्यात असायलाच हवे. उभ्या माणसाच्या पायाभोवती पेन्सिल फिरवून काढलेली आकृती आणि चालत्या माणसाने चिखलात उमटवलेले पाऊल यांची तुलना मला तर मान्य होण्यासारखी वाटत नाही. पॅरिसमध्ये पोलीस खात्यातील बर्टिलाँ यांनी शरीराच्या अकरा मापांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धत रूढ केली होती, पण मोजणारा बदलला की आकडा बदलत असे. 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग उघडला आणि मापांची ती पद्धत पुढे मागे पडली. माप जुळले नाही तर माणूस सुटतो, जुळले म्हणून तोच चोर ठरत नाही. मोहम्मद अमान प्रकरणात (1997) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की पावलांच्या ठशांचे शास्त्र पूर्ण विकसित नसल्याने तो पुरावा केवळ इतर पुराव्याला जोड म्हणूनच वापरता येतो.

बेड्यावर राहतो, एवढ्यावरून कोणाचे माप घेता येत नाही. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्याची सवय ठाण्यांमधून अजून पुरती गेलेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आजच ठाणेदारांच्या नावे अर्ज लिहा : कोणत्या तारखेला, कोणी, आदेशाशिवाय पायाचे व उंचीचे माप घेतले ते त्यात नमूद करा, कलम 5 च्या आदेशाची प्रत मागा, एक प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. जातीचा दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीत जा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यांनाच शुक्रवारी सोबत न्या. चोरीच्या रात्री मुलगा कोठे होता, सोबत कोण होते, कापूस वेचायला गेला असेल तर कोणाच्या शेतात, हे आठवण ताजी आहे तोवर लिहून ठेवा.