स्कूटर कोणाकडे असते?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. स्वयंपाक माझ्याकडे, ‘बाहेरचं सगळं’ नवऱ्याकडे, अशी वाटणी ठरली आहे. तरी मुलीला पाळणाघरात सोडणं-आणणं, सासूबाईंची फिजिओथेरपी, येताना भाजी हे माझ्याच अंगावर पडतं. घरात स्कूटर एकच, ती तो नेतो. मी दोन बस करते. वाटणी सारखी आहे असं त्याला अगदी मनापासून वाटतं. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : वाटत असणारच, कारण तो कामं मोजतो, फेऱ्या मोजत नाही. ‘बाहेरचं सगळं’ म्हणजे बहुतेक घरांत लाइट बिल, गॅसचा नंबर लावणं, गाडीचं सर्व्हिसिंग. महिन्यातून एकदा येणारी कामं, आज नाही तर उद्या चालणारी. पाळणाघर मात्र ठरल्या वेळेला बंद होतं.

आठवडाभर एक वही दारामागे लटकवा. फेरी झाली की एक ओळ लिहायची: किती वाजता निघालात, कुठे, कशाने, थांब्यावर किती वेळ गेला, सोबत कोण, हातात काय. थांब्यावरचा वेळ लिहायचा हमखास राहतो आणि हिशेब तिथेच फसतो. समजा, पाळणाघरापर्यंत पायी १० मिनिटं, थांब्यावर १२, पहिल्या बसमध्ये २५, दुसरीची वाट बघण्यात ८, तिच्यात १५. एका बाजूची ७० मिनिटं झाली आणि अजून भाजी यायचीच आहे. दोघांनीही लिहायचं, नाहीतर ती वही तक्रारवही होते.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांचा घरकामातला रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची. जे पुरुष काहीच करत नाहीत ते त्यात धरलेलेच नाहीत.

वही भरली की पहिला बदल स्कूटरचा करा. जो घरून थेट ऑफिसला आणि ऑफिसातून थेट घरी येतो, त्याला बस सोयीची. जिला वाटेत तीन ठिकाणी थांबायचंय, तिला स्कूटर. तुम्हाला चालवता येत नसेल, तर थांबे त्याच्याकडे जातील. पुण्याच्या पीएमपी बससेवेत बस बदलली की नवं तिकीट, म्हणून बसने जाणाऱ्याने रोजचा किंवा मासिक पास स्वस्त पडतो का ते बघावं.

दुसरं, काम द्यायचं तर अख्खं द्या. भाजी म्हणजे फ्रिज बघणं, यादी करणं, आणणं, निवडून डब्यांत भरणं. मंडईतून “काय आणू?” असा फोन आला, तर वाटली गेली ती फक्त हमाली. पहिले दोन आठवडे जून भेंडी येईल. ती परत निवडायला बसू नका.

प्रश्न : सोसायटीसमोर फुटपाथ आहे, पण बाबागाडी आणि व्हीलचेअर रस्त्यावरूनच न्यावी लागते. महापालिकेकडे नेमकं काय मागायचं? – एक वाचक, पुणे

उत्तर : ‘फुटपाथ दुरुस्त करा’ एवढंच लिहिलंत, तर नवे ब्लॉक बसतील आणि अडचण तशीच राहील. टेप घेऊन मोकळी रुंदी मोजा, म्हणजे झाड, डीपी (विजेची पेटी) आणि खांब वगळून उरते ती. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मानकाप्रमाणे (२०१२ची आवृत्ती) निवासी भागात ती किमान १.८ मीटर हवी, डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं आणि फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

खरी गोची फाटकांपाशी असते. गाडी आत जावी म्हणून दर फाटकाला फुटपाथ खाली उतरवतात आणि चालणारा दिवसभर चढ-उतार करतो. फुटपाथ सलग ठेवून गाडीने त्यावर चढावं, असं लिहून मागा. चौकात उतार लागतोच. तो १ ला १२ हवा, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १.८ मीटर लांबी. अर्ध्या मीटरात उरकलेला उतार ही घसरगुंडी असते. दुचाक्या अडवायला खांब अगदी जवळजवळ मागू नका, त्यांत व्हीलचेअरही अडकते.

टेप लावलेले फोटो जोडून अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकातही हे काम सुचवता येतं, पण ते अर्ज आदल्या वर्षीच मागवतात.

मोजणीला फक्त कमिटीतले काका नकोत. कामाला येणाऱ्या मावशी दिवसात चार सोसायट्या पायी करतात. फुटपाथ सोडून रस्त्यावर कुठे कुठे उतरावं लागतं, हे आधी त्यांना विचारा आणि टेप तिथे लावा.