मुलीला नदीत लाटा बांधायच्या आहेत

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. गणित चांगलं आहे. कोलाडला राफ्टिंग करून आल्यापासून 'मी व्हाइटवॉटर पार्क डिझाइन करणार' म्हणते. एका एजंटने परदेशातला ॲडव्हेंचर टुरिझमचा पदवी अभ्यासक्रम सुचवलाय. त्यासाठी फ्लॅटवर कर्ज काढावं लागेल. असं करिअर खरंच असतं का?
– एक आई, धायरी

ताई, असतं. पण एजंटने दाखवलेली वाट तिकडे जात नाही. ॲडव्हेंचर टुरिझम शिकलेली मुलगी राफ्टिंग कंपनी उत्तम चालवेल. पार्कचा आराखडा मात्र सिव्हिल इंजिनिअर करतो, तोही हायड्रॉलिक्समध्ये, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाच्या शास्त्रात, मुरलेला. फ्लॅटला तूर्त हात लावू नका.

व्हाइटवॉटर पार्क म्हणजे राफ्ट आणि कयाक (वल्ह्याची छोटी होडी) यांच्या खेळासाठी मुद्दाम घडवलेलं खळाळतं पाणी. ही पार्क दोन तऱ्हेची. एकात पंपाने पाणी उचलून काँक्रीटच्या नाल्यात सोडतात. सिडनी ऑलिंपिकसाठी बांधलेलं पेनरिथचं केंद्र असंच आहे : साडेपाच मीटर उतार आणि सेकंदाला 14 घनमीटर पाणी. धायरीकरांच्या भाषेत जवळजवळ 500 क्युसेक. एवढं पाणी तेवढं वर चढवायला नुसत्या हिशेबानेच साडेसातशे किलोवॅट लागतात, पंपातली घट वेगळीच. त्यामुळे वीजबिल हा डिझाइनचाच भाग होतो.

दुसऱ्या तऱ्हेत वाहत्या नदीतच दगड-काँक्रीटचे छोटे उतार बसवतात. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या कितीतरी गावांनी ते केलंय. उतारावरून वेगाने आलेलं उथळ पाणी खालच्या संथ, खोल पाण्यावर आदळलं की हायड्रॉलिक जंप होतो. तिथे पाणी उलटं फिरतं आणि त्यावरच कयाकवाले खेळतात. आकार चुकला तर हेच उलटं पाणी माणसाला धरून ठेवतं. दिसायला साधे असणारे बुटके बंधारे पोहणाऱ्यांचा जीव घेतात ते यामुळेच. पडलेला माणूस आपोआप खाली वाहून जाईल आणि माशांनाही वर चढता येईल, असा आकार शोधणं हे खरं कौशल्य.

त्याहून अवघड प्रश्न पाण्याचा. तोच उतार पाणी कमी असलं की नुसते दगड दाखवतो आणि फार वाढलं की बुडून जातो, लाट सपाट होते. म्हणून वेगवेगळ्या प्रवाहांना कयाकवाल्यांचं मत घेतात, किमान किती आणि उत्तम किती याचा आलेख काढतात, आणि तेवढं पाणी कोणत्या महिन्यांत खरोखर मिळेल ते तपासतात. कोलोरॅडोत 2001च्या कायद्याने स्थानिक संस्थांना अशा खेळासाठी नदीतल्या पाण्याचा हक्क मागता येतो. पण किती पाणी लागेल तो आकडा पाणी-न्यायालयात सिद्ध करावा लागतो. तिथे इंजिनिअरची खरी कसोटी लागते.

मुलीला हे कोलाडवरूनच समजेल. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं, तिथून कोलाडच्या कुंडलिका नदीत येतं. राफ्टची वेळ ठरते ती या विजेच्या पाण्यावर. 'तू गेलीस त्या दिवशी किती क्युसेक पाणी होतं?' एवढं तिला विचारून बघा. ती शोधायला लागली तर समजा, आवड टिकाऊ आहे.

आणि मुठेवर पार्क करण्याचं स्वप्न असेल, तर तिला थोडं सावध करा. पावसाळ्यात खडकवासल्यातून हजारो क्युसेक सुटतात. एरवी धरणाचं पाणी मुख्यतः कालव्याने जातं आणि शहरातल्या पात्रात उरतं ते बरंचसं सांडपाणी. त्यात कोण उतरेल? सांडपाणी प्रक्रिया आणि धरणातून सोडायचं पाणी हे आधीचे प्रश्न आहेत, आणि त्यांवरही इंजिनिअर लागतातच.

आता वाट. एमएचटी-सीईटी, जेईई नीट द्या आणि सिव्हिल घ्या. पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं तर दुधात साखर, कारण तिथल्या बोट क्लबमुळे वल्हंही हातात येईल. चौथ्या वर्षाचा प्रकल्प हायड्रॉलिक्समध्ये करावा. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नद्या-धरणांची छोटी प्रतिरूपं बांधून प्रवाह तपासतात. कॉलेजमार्फत भेट मागून बघावी. हेक-रास हे नदीप्रवाहाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, पहिल्या वर्षापासून शिकता येईल. परदेशाचा विचार एम.टेक.च्या वयात करा, तोही या विषयातली प्रयोगशाळा पाहून, शिष्यवृत्ती मिळते का ते बघून.

नोकरीचं स्पष्ट सांगते : भारतात फक्त व्हाइटवॉटर पार्कवर पोट भरणं आज कठीण आहे. सांडवे, पूररेषा, मत्स्यमार्ग, नदी पुनरुज्जीवन ही कामं मात्र भरपूर आहेत आणि शास्त्र तेच आहे. कॅनो स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यात खांबांच्या फाटकांमधून होडी काढण्याच्या, स्पर्धा नर्मदेवर महेश्वरच्या सहस्रधारेत होतात. सुट्टीत तिला एकदा तिथे घेऊन जा. राफ्टमध्ये बसून ओलं होण्याआधी काठावर उभं राहून पाणी कुठे वळतं, कुठे परततं, ते वहीत काढायला सांगा. आणि पोहणं पक्कं नसेल, तर सीईटी झाल्याझाल्या तलाव लावा.