झोपेत छातीवर येऊन बसणारी म्हातारी म्हणजे हडळच का?

तुम्ही विचारलंय की पहाटे जाग येते, हातपाय हलत नाहीत, ओरडावं तर आवाज फुटत नाही आणि एक म्हातारी छातीवर बसून गळा दाबते. आजी म्हणतात हडळ, डॉक्टर म्हणतात स्लीप पॅरालिसिस, म्हणजे झोपेतून जाग येताना अंग थोडा वेळ लुळं पडणं. खरं कोणाचं?

डॉक्टर सांगतात ते कारण खरं. पण आजींना वेड्यात काढू नका. हा अनुभव जगभरच्या लोकांनी जवळपास तुमच्याच शब्दांत सांगितलाय. कॉलेजात जागरणांच्या दिवसांत मलाही यायचा. माझ्याकडे मात्र म्हातारी नव्हती, दाराशी नुसताच कोणीतरी उभा असायचा.

स्वप्नं रंगतात त्या रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नातली मारामारी शेजारी झोपलेल्याला भोवली असती. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. श्वासपटल काम करत असतं, पण बरगड्यांमधले स्नायू सैल असतात. घाबरून मोठा श्वास घ्यायला जावं तर छाती उचलतच नाही. ‘वजन’ वाटतं ते हेच. त्यात स्वप्न अजून पुरतं विरलेलं नसतं, ते समोरच्या अंधारात माणूस उभा करतं.

तो माणूस कोण, हे ज्याच्या त्याच्या गावावर. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये ती ‘ओल्ड हॅग’, म्हणजे थेरडी. तिथला एक तोडगा म्हणजे पछाडलेल्याला त्याचं नाव उलटं उच्चारून हाक मारायची. दुसरा, खिळे वर काढलेली फळी छातीवर बांधून झोपायचं. (झोपेत कूस बदलली तर काय, देव जाणे.)

इथवर गंमत आहे. खरी भीती तो चेहरा ओळखीचा निघतो तेव्हा. अमेरिकेतल्या सेलमला 1692 मध्ये ब्रिजेट बिशपवर चेटकाचा खटला चालला. जॉन लाउडर नावाच्या माणसाने शपथेवर सांगितलं, की काही वर्षांपूर्वी मध्यरात्री छातीवर भार जाणवून जाग आली, तर लख्ख चांदण्यात ब्रिजेट पोटावर बसलेली. तिने गळा धरला, हातांत प्रतिकाराची ताकदच उरली नव्हती. त्याआधी दोघांचं वाजलेलं होतं, कशावरून तर तिच्या कोंबड्या याच्या बागेत शिरायच्या! अशा आणखीही साक्षी झाल्या आणि 10 जूनला तिला फाशी दिलं. सेलमच्या चेटकाच्या खटल्यांत फाशी गेलेली ती पहिली. नंतर आणखी अठरा जण फासावर गेले. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात नाव घेऊन तिला निर्दोष ठरवायला 2001 उजाडलं.

म्हणून एकच विनंती. उद्या ती म्हातारी शेजारच्या काकूंसारखी दिसली, तरी तसं घरात बोलू नका. आपल्याकडे एखादीवर चेटकाचा शिक्का मारणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा उगाच करावा लागलेला नाही.

बाकी, उताणं झोपणं टाळा, झोपेची वेळ सांभाळा. झटका आलाच तर सगळं अंग हलवायची धडपड न करता पायाचं एखादं बोट हलवून पाहा. मला त्यानेच सुटका मिळायची. आठवड्यातून अनेकदा होत असेल, किंवा दिवसाही झोप अनावर होत असेल, तर झोपेच्या तज्ज्ञाला दाखवा.