आकाशचित्रण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मृग नक्षत्राचे फोटो काढतो. नुसत्या डोळ्यांना त्यातला काक्षी हा तारा तांबूस दिसतो, फोटोत मात्र सगळे तारे पांढरेच येतात. कॅमेऱ्यात दोष असेल का?

कॅमेरा ठीक आहे, प्रकाश जास्त होतोय. सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश टिपणारे वेगवेगळे पिक्सेल असतात. ताऱ्याचा प्रकाश एवढ्याशा ठिपक्यावर पडत राहिला की तिन्ही काठोकाठ भरतात, आणि मग पांढऱ्याशिवाय काही उरत नाही. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,५०० केल्विन, मृगातल्याच राजन्य ताऱ्याचं सुमारे १२,०००. एक तांबूस, एक निळसर, आणि दोघेही एकाच चौकटीत! एवढा फरक समोर असताना तो फोटोत पुसला गेला की मला खरंच वाईट वाटतं.

आधी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, खाली आणा. ३२०० असेल तर ८०० करून बघा. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवा आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमध्येच, घ्या. शिवाय, एक फोटो फोकस अगदी किंचित हलवून घ्या. ठिपका पसरतो, तोच प्रकाश जास्त पिक्सेलांत वाटला जातो आणि रंग टिकतो. नेमका फोकस हवा तेव्हा लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) व्याधाचा ठळक तारा मोठा करून लेन्सची कडी हाताने फिरवा.

वेळेबद्दलही सांगते. मृग खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या सरळ वर, आहे, त्यामुळे तिथले तारे सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) या सर्वांत जास्त वेगाने सरकतात. ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने भागायचा जुना नियम २४ मिमीला जवळपास २० सेकंद देतो. आजच्या बारीक पिक्सेलांवर तेवढ्यात ठिपक्याची रेघ होते. मी १० सेकंदांच्या वर जात नाही.

प्रश्न : रात्रीच्या प्रक्षेपणात रॉकेटची कमान आणि हिवाळ्यातलं आकाश एकाच फोटोत यावं अशी फार इच्छा आहे. शटर तीन मिनिटं उघडं ठेवलं तर तारेही उजळ येतील ना?

नाही येणार. तारा सरकत असतो. एका पिक्सेलवर तो थोडाच वेळ थांबतो आणि पुढच्यावर जातो. शटर उघडं ठेवल्याने त्याची रेघ लांबते, उजळत नाही. रेघ किती उजळ हे ठरवतात लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) आणि आयएसओ. तीन मिनिटांत व्याधाची रेघ सुमारे पाऊण अंशाची होते, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दीडपट. रॉकेटचंही तसंच: कमानीची लांबी वेळेवर, झळाळी छिद्रावर.

अडचण अशी की दोघांना उलट गोष्टी हव्यात. ताऱ्यांना मोठं छिद्र, एफ २.८ (एफचा आकडा मोठा तसं छिद्र बारीक), आणि वाढवलेला आयएसओ. ज्योतीला आयएसओ १०० आणि एफ ११ किंवा १६. त्यातही इंधन काय आहे ते आधी माहीत करून घ्या. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात घन इंधन असतं, त्यात अॅल्युमिनियमची पूड. ती जळताना डोळे दिपतात. द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनची ज्योत त्यामानाने फिकी, जवळजवळ दिसतच नाही.

म्हणून फोटो दोन घ्या. ट्रायपॉड पक्का करा, प्रक्षेपणाच्या थोडं आधी ताऱ्यांची चौकट टिपून ठेवा, मग छिद्र बारीक करून बल्ब मोडवर (यात हवं तेवढा वेळ शटर उघडं राहतं) रिमोटने कमान घ्या. नंतर दोन्ही जोडा आणि फोटोखाली तसं स्पष्ट लिहा. जोडलेला फोटो एका क्षणाचा म्हणून दाखवणं मला अजिबात मान्य नाही.

एकाच फोटोचा हट्ट असेल तर व्याधासारखा ठळक तारा धरा, तो बारीक छिद्रातूनही रेघ सोडू शकतो. ३० डिसेंबर २०२४ ला रात्री १० वाजता श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही स्पेडेक्स या अवकाशात दोन यानं जोडून पाहण्याच्या मोहिमेचे उपग्रह घेऊन उडालं, तेव्हा व्याध आग्नेयेला चांगला वर आलेला होता. असा मेळ आकाशदर्शनाच्या कुठल्याही अॅपवर आधी तपासता येतो.

आणि कमान शेवटी खाली वाकलेली दिसली तर घाबरू नका. रॉकेट तेव्हाही चढतच असतं. ते आपल्यापासून दूर जातं आणि पृथ्वी गोल असल्याने क्षितिजाकडे उतरल्यासारखं भासतं.

प्रश्न : पहाटेपर्यंत लेन्स धुकट होते. पुसत राहावं का?

पुसू नका, डाग पसरतात आणि फोकसची कडीही हलते. निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार होते, म्हणून दव बसतं. लेन्सला हूड लावा आणि पॉवर बँकेवर चालणारा उबदार पट्टा सुरुवातीपासूनच गुंडाळून ठेवा. घरात आल्यावर कॅमेरा लगेच उघडू नका. बाहेरच बंद पिशवीत घाला आणि खोलीइतका उबदार झाला की मगच काढा.