कानाला आवाजाची सवय होत नसते

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

गोव्यात दिवाळीतली नरकासुराच्या पुतळ्यांची रात्र सरली की, आणि होळीच्या सुमाराच्या शिगम्याच्या तालमी लागल्या की कानांविषयीची पत्रं वाढतात. त्यांतली काही या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत.

माझे पती ५१ वर्षांचे आहेत. २२ वर्षं बार्ज दुरुस्तीच्या यार्डात चिपिंग (ठोकून गंज काढणं) आणि ग्राइंडिंग करतात. घरी टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजाऱ्यांना ऐकू जातो. मी बोलले की म्हणतात, ‘पुटपुटू नको.’ आवाज चढवला की, ‘ओरडतेस कशाला?’ कान तपासू या म्हटलं तर ऐकत नाहीत. ‘मला आवाजाची सवय झालीय, कान ठणठणीत आहेत,’ असं त्यांचं म्हणणं. – एक वाचक, वास्को

‘सवय झालीय’ हेच इथलं मुख्य लक्षण आहे. पहिल्या वर्षी जो आवाज डोक्यात घण घातल्यासारखा बसायचा, तो आता बोचत नाही. कारण त्यातले उंच, बारीक स्वर टिपणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच उरलेल्या नाहीत. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या वाकतात, थकतात. विश्रांती मिळाली तर सावरतात. रोज तोच मार बसत राहिला तर मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

हा मार सगळ्या स्वरांना सारखा बसत नाही. सुरुवात होते ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच, बारीक स्वरांपासून. डिजिटल थर्मामीटरची टीं ऐकू येईनाशी होते, पावसाळ्यातल्या रातकिड्यांची किरकिर जाते, आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. बोलण्यातले स्वर (आ, ओ, ए) खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ते नीट पोचतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं उंच पट्टीतली आणि हलकी, ती गळतात. मग ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. तुमच्या पतींना आवाज येतो, शब्द लागत नाही. त्यांना ते पुटपुटणंच वाटतं. मोठ्याने बोलल्यावर त्रास होतो त्याचंही कारण आहे. अशा कानाला हलका आवाज येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. मधली जागाच आकसलेली असते. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही, हे घरात एकदा कळलं की निम्मी भांडणं मिटतात.

तपासणी प्युअर टोन ऑडिओमेट्रीची करून घ्या. कोणता स्वर किती हलका असेपर्यंत ऐकू येतो, याचा आलेख त्यात निघतो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवता येईल. जाताना तीन गोष्टी सांभाळा. आधीचे निदान १४ तास आवाजापासून दूर गेलेले असावेत, म्हणून रविवारी घरी राहून सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधीची वेळ उत्तम. कामावरून थेट गेलात तर त्या दिवसाचा तात्पुरता थकवाही आलेखात उतरतो. दुसरं, कानात मळ असेल तर तो आधी काढून घ्या. तिसरं, ३००० आणि ६००० हर्ट्झसुद्धा तपासा असं स्पष्ट सांगा. घाईत हे दोन आकडे वगळले जातात, आणि आवाजाने झालेली इजा नेमकी तिथंच दिसते: रेषा ३००० ते ६००० च्या दरम्यान खड्ड्यासारखी खाली जाते आणि ८००० ला पुन्हा थोडी वर येते. वयोमानाच्या बहिरेपणात ती शेवटापर्यंत उतरतच जाते. बहुतेक वेळा दोन्ही कान साधारण सारखेच बिघडलेले असतात. एकच कान जास्त गेला असेल तर त्याचं वेगळं कारण डॉक्टरांनी शोधायला हवं.

आलेखाची प्रत जपून ठेवा. आवाजामुळे येणारा बहिरेपणा आपल्या कामगार कायद्यांत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. नुकसानभरपाई मागायची तर कामाची वर्षं आणि तपासणीचे कागद लागतात. यार्डात दरवर्षी ऑडिओमेट्री होत असेल तर तिच्याही प्रती मागून घ्या.

श्रवणयंत्राने गेलेल्या पेशी येणार नाहीत, पण गळालेली व्यंजनं बरीचशी परत मिळतील. यंत्र दोन्ही कानांना, आलेखाप्रमाणे सेट केलेलं असावं. ऑनलाइन मिळणारं ‘आवाज वाढवणारं मशीन’ सगळेच स्वर सारखे वाढवतं, म्हणजे जे आधीच नीट ऐकू येतं तेही. पहिले काही आठवडे भांड्यांचा खणखणाट कर्कश वाटेल. यंत्र खणात जाऊन पडतं ते याच दिवसांत, म्हणून तेव्हा दोन-तीनदा सेटिंग बदलून घ्यायला जाच. तोवर तुम्ही आधी हाक मारा, समोर येऊन, तोंडावर उजेड असेल असं बोला. शब्द लागला नाही तर तोच पुन्हा न म्हणता वाक्य बदला.

आणि काम चालू राहणार असेल तर उरलेलं ऐकणं वाचवायचंच आहे. चिपिंगचा आवाज कानाशी १०० डेसिबलच्या वर सहज जातो, टाकीच्या आत तर पोलाद घुमतं. तिथं कानात प्लग आणि त्यावर इअरमफ (अख्खा कान झाकणाऱ्या वाट्या), दोन्ही हवेत. दोन्ही वापरले म्हणून संरक्षणाची बेरीज होत नाही. दोहोंतल्या चांगल्याच्या वर साधारण ५ डेसिबलच मिळतात. तेवढे ५ सुद्धा तिथं मोलाचे आहेत.

आमच्या कारखान्यात फोमचे प्लग देतात. ते घालूनही ऐकू येतं, शिवाय सारखे बाहेर येतात. त्यापेक्षा कापूस बरा नाही का? – एक कामगार, वेर्णा

कापूस नको. तो हवा जाऊ देतो, म्हणजे आवाजही जाऊ देतो.

तुमचा प्लग बहुधा अर्धाच आत जातो आहे. हात स्वच्छ धुवा. प्लग अंगठा आणि बोटांत धरून विडीसारखा बारीक वळा. सुरकुती किंवा घडी पडता कामा नये, कारण त्या घडीतूनच आवाज आत शिरतो. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचं वरचं टोक धरा आणि वर व मागे ओढा. कानाची नळी वाकडी असते, ती याने सरळ होते. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळं इथंच फसतं. प्लग फुगायच्या आत चटकन सरकवा आणि बोटाचं टोक त्यावर तीस सेकंद धरून ठेवा, तोवर तो आत फुलून बसतो. नीट बसलेला प्लग समोरून पाहणाऱ्याला जवळजवळ दिसत नाही, आणि स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, रांजणात बोलल्यासारखा येतो. पडताळण्यासाठी यंत्राजवळ दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा. आवाज आणखी फारसा कमी झाला नाही तर प्लग बरोबर बसला आहे. बराच कमी झाला तर काढा आणि पुन्हा घाला.

तरीही निसटत असेल तर नळी अरुंद असेल. लहान मापाचा किंवा तीन पाकळ्यांचा रबरी प्लग मागा.

पाकिटावर ‘एनआरआर २९’ असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे प्लग किती डेसिबल अडवतो तो आकडा. पण तो प्रयोगशाळेतला आहे. व्यवहारात त्यातून ७ वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं करा: ११ डेसिबल. म्हणजे ९६ डेसिबलच्या खोलीत कानापर्यंत ८५ पोचले, एवढंच धरून चाला. कारखान्यांच्या नियमांतली जुनी मर्यादा ८ तासांना ९० डेसिबलची आहे, पण कानाच्या भल्यासाठी ८५ हीच धरावी. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं.

याच हिशेबाने एक गोष्ट ध्यानात येईल. कुणाशी बोलायला, फोन घ्यायला म्हणून ८ तासांच्या पाळीत एकूण अर्धा तास प्लग काढला, तर ३० डेसिबल अडवणारा प्लगही दिवसाअखेर १२ डेसिबलचाच ठरतो. बोलायचं असेल तर आवाजातून बाहेर या आणि मग काढा. फोमचा प्लग कडक झाला, मळला की टाकून द्यायचा. धुऊन वापरायचा नाही.

मुलगा १७ वर्षांचा. नरकासुराच्या रात्री वाड्यावरच्या मुलांबरोबर पहाटेपर्यंत साउंड बॉक्सपाशी होता. दोन दिवस झाले, कानात शिट्टी वाजते म्हणतो. आपोआप जाईल का? – एक आई, म्हापसा

शिट्टीबरोबर एका किंवा दोन्ही कानांनी ऐकूच कमी येत असेल, चक्कर येत असेल, किंवा कान दुखून पाणी, रक्त येत असेल, तर हे वाचणं थांबवून आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइड द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, पण त्याचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. दोन आठवड्यांनंतर फारसं हाती राहत नाही. ‘चार दिवस बघू’ म्हणण्यात हीच वेळ निघून जाते.

तसं काही नसेल, नुसती शिट्टी असेल, तर बहुतेकदा ती एक-दोन दिवसांत उतरते. आठवडाभर हेडफोन नाही, फटाके नाहीत, गाण्याच्या जागा नाहीत. अगदी शांत खोलीत शिट्टी जास्त जाणवते, म्हणून झोपताना पंखा चालू ठेवा. आठवड्यानंतरही राहिली तर ऑडिओमेट्री करा. एक सांगून ठेवतो: शिट्टी गेली म्हणजे कान पूर्ववत झाला असं नाही. आलेख नॉर्मल आला तरी केशपेशी आणि नस यांमधले जोड तुटलेले असू शकतात. मग गर्दीत, गोंगाटात बोलणं लागत नाही.

पुढच्या वर्षी त्याला घरी कोंडू नका. महिनाभर खपून नरकासुर उभा केलेला असतो, त्या रात्री मुलगा तिथं असणारच. त्याला अंतराचं गणित द्या. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो. बॉक्सपासून २ मीटरवर १०६ डेसिबल असेल तर तिथला सुरक्षित वेळ चार मिनिटांचाही नाही. ८ मीटरवर तोच आवाज ९४ होतो आणि वेळ एक तासाचा. ओपरेटर पोरगा तर रात्रभर बॉक्सच्या मागेच असतो, त्याच्या कानात प्लग हवेतच. दर तासाला दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनीच लांब जाऊन बसावं. फटाक्यांना ४ मीटरवर १२५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे, आणि मुलं तर ते हातभर अंतरावर लावतात. असा एकच दणका कायमची इजा करू शकतो, त्याला तासांचा हिशेब लागत नाही.

मंडळाच्या कर्त्या माणसांनाही हे वाचून दाखवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. पहाटेपर्यंतची परवानगी त्यात बसत नाही.

शिगम्याच्या रोमटामेळात (ढोल-ताशांच्या मिरवणुकीत) ताशा वाजवतो. फोमचा प्लग घातला की ढोलाचा ठेकाच लागत नाही. – एक वादक, साखळी

फोम उंच स्वर जास्त खातो, त्यामुळे सगळं गढूळ होतं आणि मग वादक प्लग काढूनच टाकतो. वादकांसाठीचे गाळणीचे प्लग वेगळे मिळतात. ते सगळे स्वर जवळपास सारखेच, १५ ते २५ डेसिबलनी उतरवतात. ठेका तसाच राहतो, फक्त लांबून ऐकल्यासारखा. ताशाला कमी डेसिबल अडवणारा घेऊ नका, त्याची कडकड कानाच्या नाजूक पट्टीतच पडते. मिरवणुकीआधी तालमीत दोन आठवडे घालून वाजवा म्हणजे हात बसेल.

खरं नुकसान तालमीत होतं. मिरवणूक उघड्यावर आणि चार दिवसांची, तालीम महिनाभर आणि बहुधा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा सभागृहात. उघड्यावर या. जमत नसेल तर भिंतींवर जाड गोधड्या टांगा, आणि बोल बसवताना चामड्याऐवजी रबरी पट्टीवर वाजवा. घुमट (मातीचं वाद्य) वाजवणाऱ्यांना ताशाच्या थेट समोर उभं करू नका.

ग्रास कटर चालवतो. मोबाईलच्या ॲपवर ८२ डेसिबल दाखवतं. म्हणजे ठीक ना? – एक वाचक, पेडणे

ॲपवर भरवसा ठेवू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो. मोठ्या आवाजात तो कमी दाखवू शकतो, आणि फोनगणिक आकडा बदलतो. साधी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला तर ८५ च्या वर गेलेलंच आहे. टू-स्ट्रोक ग्रास कटरचं इंजिन तुमच्या खांद्यामागे, कानाच्या अगदी जवळ असतं. तिथं ९५ च्या आसपास धरा. इअरमफ घ्या, घामाने त्याच्या गाद्या कडक तर झाल्या नाहीत ना ते बघा, फाटल्या की बदला. चष्म्याची जाड काडी गादीखाली आली तर तिथून आवाज शिरतो. सायलेन्सर सैल किंवा गंजलेला असेल तर आधी तो बदला.

कानात कोमट तेल घालून किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ऐकू येणं सुधारतं का? – एक वाचक, फोंडा

नाही. कानात घातलेलं तेल पडद्याशी थांबतं, इजा त्याच्या पलीकडे आहे. पडद्याला भोक असेल तर तेल मधल्या कानात उतरून पू होतो. आवाजाने गेलेलं ऐकणं परत आणील अशी गोळी आजवर सिद्ध झालेली नाही. तुमच्याकडे तेलाची बाटली उघडलेली असेलच, तर ती निदान तपासणीच्या आधीचे दोन-तीन दिवस बंद ठेवा. तेलाने भिजलेला मळ फुगतो आणि आलेख उगाच खाली येतो.